आक्कांच्या टेबलावरचे पाच फोटो

भिंगरीने पाच फोटो आक्कांच्या टेबलावर ठेवले तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते आणि चार वाजता कलादालनाची गाडी येणार होती. म्हणजे ह्या घराण्याला आपली अब्रू वाचवायला चांगले पाच तास मिळाले होते. ह्याहून कमी वेळात ह्याच लोकांनी एक वाटणी केली होती आणि एक ठरलेलं लग्न मोडलं होतं, तेव्हा वेळ पुरला नाही असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

“एवढेच?” आक्का म्हणाल्या.

“बाकीचे भिंतीवर लागलेसुद्धा. बावीस घरं, आक्का. सगळ्यांनी हसत सह्या दिल्या. आपलंच घर अडलंय.”

“लोकांचं काय, त्यांना झाकायला काही नसेल.”

भिंगरी आक्कांच्या धाकट्या मुलाची मुलगी. दोन वर्षं ती कॅमेरा घेऊन शहरातल्या परक्या घरांमध्ये जाऊन बसत होती. बसायची, बसायची, घरच्यांना तिचा विसर पडला की मग फोटो काढायची. कुणी नखं कापतंय, कुणी भांडण संपल्यावर एकाच ताटातलं खातंय, कुणी नुसतंच भिंतीला टेकलंय. प्रदर्शनाचं नाव होतं ‘दार लोटलेलं’. कलादालनाच्या बाईंनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, “बावीस दारांतून आत शिरलीस, तुझं स्वतःचं दार कुठंय? ते नसेल तर मी प्रदर्शन उघडणार नाही.” बाईंचं म्हणणं आक्कांना पटलं होतं. तसं त्यांनी कबूल केलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आपल्या घरातही भिंगरी वर्षभर तशीच कॅमेरा घेऊन बसली. तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण ती दुसऱ्याचा फोटो काढते आहे अशी प्रत्येकाची खात्री होती.

आता सहीची वेळ आल्यावर सगळ्यांनी एकच पळवाट काढली. “आक्काला हो म्हणू दे, मग आमची सही.” घराचा नियमच होता तो. खालचा फोटो स्टुडिओ घरचाच, आणि सासऱ्यांच्या काळापासून ह्या घरातला एकही फोटो आक्कांच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. आक्का पेन्सिल आणि बारीक ब्रश घेऊन बसत. कुणाच्या गालावरचा डाग घालवत, कुणाच्या भुवया भरून काढत आणि मागच्या कोपऱ्यात फुली मारत. फुली पडली की फोटो पास. थोरल्याच्या शाळेच्या ओळखपत्रावरचे कान त्यांनी इतके आत घेतले होते की मास्तरांनी पोराला दारातून परत पाठवलं होतं. आक्कांचं स्वतःचं शिक्षण दुसऱ्या इयत्तेत संपलेलं. सही म्हणून त्यांना ती फुलीच येत होती. पण ह्या गल्लीतल्या चार पिढ्यांची तोंडं त्या फुलीखाली माणसात आली होती.

आता जी गोष्ट आक्कांनी देवालाही सांगितली नव्हती ती अशी, की तीन वर्षं झाली, आक्कांना दिसत नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. समोर जे धराल त्याच्या मधोमध राखाडी बोळा. कडेकडेने मात्र सगळं जागच्या जागी. दार दिसे, दारात कोण उभं आहे ते अंगलटीवरून कळे, त्याचं तोंड तेवढं दिसत नसे. ह्या घरातली तोंडं न दिसल्यामुळे आक्कांचं फारसं अडलंही नव्हतं. कडेने पाहायला त्या मान तिरकी करत आणि घरचे म्हणत, बघा, वयाबरोबर तोराही वाढतोय. आक्का तोरा वाढू देत. गिऱ्हाइकांचे मोठे केलेले जुने फोटो अजून टेबलावर येत, हात सवयीने चाले, थोरली सून कागद उचलून नेई, गिऱ्हाइकं खूश होऊन जात. तेव्हा हाताला डोळ्यांची गरज नसते असं आक्कांनी ठरवून टाकलं होतं.

“चारपर्यंत बघून ठेवते,” त्या भिंगरीला म्हणाल्या. “आणि घरातलं कुणी वर आलं तर थांबवू नकोस.”

“शेवटचा शेवटी बघ,” भिंगरी म्हणाली आणि जरा वेळ तिथेच घुटमळली. मग गेली.

आक्कांनी पहिला फोटो हातात घेतला. कागद जाड, चांगला. मधोमध बोळा. त्यांनी मान तिरकी केली आणि वाट बघत बसल्या. ह्या घरात वाट बघणाऱ्याला सगळं मिळतं, हे त्यांना पन्नास वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

पहिला आला थोरला. खाली पासपोर्टचे फोटो काढणं सोडून त्याला अचानक वरच्या माळ्यावरचा एक स्क्रू हवा झाला होता.

“हं,” आक्का फोटोकडे बघत म्हणाल्या.

थोरल्याचा स्क्रू राहिला. “आक्का, मिशीचं बघशील जरा?”

“काय बघू?”

“हातातला ब्रश. तो घालवता येईल ना? डोक्यावरची पिशवी राहू दे वाटल्यास. पिशवी म्हणजे टोपी वाटेल.”

“कुठली टोपी घालून माणूस आरशासमोर मिशीला ब्रश लावतो?”

“तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण बाजारात माझं नाव आहे, आक्का. पंचावन्न वर्षांचा माणूस, एक पांढरा केस नाही, असं लोक म्हणतात.”

तो केस रंगवतो हे आक्कांनी आत्ताच ऐकलं. त्याचे केस काळेच आहेत म्हणून गेली दहा वर्षं त्या भेटेल त्याला सांगत होत्या, की आमच्या माहेरकडचे केस आहेत ते. “तुझ्या बायकोला ठाऊक आहे?”

“तीच रंग आणून देते.” थोरला दारापर्यंत गेला आणि परत आला. “माझा ठेवून घे. धाकट्याचा मात्र जाऊ दे. कळू दे जरा लोकांना, विम्याचा मोठा साहेब काय करतो ते.”

धाकट्याचा फोटो कुठला हे आक्कांना माहीत नव्हतं. पण त्यांनी दुसरा कागद वर ठेवला आणि पुन्हा मान तिरकी केली.

धाकटी सून आली ती चहाचा कप घेऊन. आक्कांसाठी तिने स्वतः चहा करून आणायची ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा वाटणीच्या होत्या.

“आक्का, ते कपाट आहे ना फोटोत,” तिने बसायच्या आधीच सुरुवात केली, “त्याला मी नुसती टेकून उभी आहे.”

“हं.”

“पाय लावलाय म्हणून तसं वाटतं. आणि दारातून लोंबतेय ती एकच बाही आहे. आत सगळं व्यवस्थित आहे.”

“आत काय आहे?”

“सगळंच,” ती म्हणाली. “पाहुणे यायचे होते. घंटा वाजली होती. मग काय करणार, आक्का? घरभर पडलेलं सगळं उचललं आणि कोंबलं.”

ह्या धाकटीच्या फरशीत तोंड दिसतं अशी ख्याती होती. थोरलीच्या घरी आली की ती खुर्चीवर बसण्यापूर्वी बोट फिरवून बघत असे. आक्कांनी चहाचा घोट घेतला. चहा उत्तम झाला होता. “बाही कापता येईल,” त्या म्हणाल्या. “पण पाय कसा कापू?”

“वन्संचा फोटो पाठवा ना. त्यांचा बघा किती छान आलाय.”

म्हणजे त्यात नक्की काहीतरी होतं.

धाकटा दुपारी आला, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. बूट वाजवत आला आणि खुर्ची ओढून बसला. ह्या मुलाला लहानपणापासून अपराध केला की आधी मोठा आवाज करायची सवय होती.

“गाडीतला ना? बघितलास. ठीक आहे. माणूस दिवसभर दमतो, गाडी लावतो, पाच मिनिटं बसतो.”

“पाच?”

“वीस.”

“हं.”

“अर्धा तास! पण रोज नाही. सुट्टीच्या दिवशी नाही.” मग हळू म्हणाला, “बूट काढून बसतो. बिस्किटं खातो. वर गेलं की ती विचारते, आज काय झालं. रोज काहीतरी झालेलं असावं लागतं, आक्का. खाली तळघरात कुणी विचारत नाही.”

आक्कांच्या जिभेवर चांगली तीन उत्तरं आली होती. त्यांनी ती गिळली. “तुझ्या मुलीने तुला शोधला कसा?”

“मागच्या सीटवर बसली होती. मी विसरलोच.”

लेक आली तेव्हा अडीच वाजले होते. तिन्ही मुलांत ही मधली. वाटणीनंतर दोन वर्षं तिने ह्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. मग आली ती दर वेळी नवऱ्याचं कौतुक घेऊन. ह्यांनी हे आणलं, ह्यांनी ते दाखवलं, हे माझ्याशिवाय जेवत नाहीत. आक्कांना जावई कधीच आवडला नव्हता, त्यामुळे कौतुक ऐकताना त्या हटकून दुसरं काम काढत.

ती आत आली आणि बसली नाही. टेबलाच्या कडेला उभी राहिली. तिच्या हाताची बोटं टेबलाच्या काठावरून फिरत होती. ते आक्कांना कडेने नीट दिसलं.

“आक्का, उशी काढशील?”

आक्का ‘हं’ म्हणणार होत्या. म्हणाल्या नाहीत.

“बाकी सगळं राहू दे. मी कोचावर आहे, ते राहू दे. चादर पण राहू दे. फक्त उशी गेली की दुपारची डुलकी वाटेल.”

“आणि उशी असली की?”

“असली की कळतं ना, रोजचीच जागा आहे ते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला लाथा घालत होतं. ती सुरू होईना. आक्का ते ऐकत राहिल्या.

“किती दिवस?”

“वर्ष होईल. भांडण नाही काही. घोरतात म्हणून, असं पहिल्यांदा म्हटलं होतं आम्ही. मग घोरणं थांबलं, पण परत जा कोण म्हणणार?” ती हसली. “तू बघितलंस तेव्हाच ओळखलं असशील. तुझ्यापासून फोटोत काही लपत नाही.”

आक्कांनी फोटो पालथा घातला. सकाळपासून पहिल्यांदाच आपली हुशारी त्यांना जराशी कडवट लागली.

तीन वाजता सगळे जमले. बोलावलं कुणीच नव्हतं. थोरलाही दुकान बंद करून वर आला आणि थोरली त्याच्यामागे येऊन दाराशी उभी राहिली. ती दिवसभरात एकदाही काही मागायला आली नव्हती. पण ती कधीच काही मागत नसे, म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कोपऱ्यात भिंगरी सह्यांचे कागद छातीशी धरून बसली होती.

“माझं स्पष्ट मत आहे,” धाकटी म्हणाली, “कला म्हटली की मोठं मन पाहिजे. भाऊजींचा फोटो तर जायलाच हवा.”

“माझा? आधी तुझ्या कपाटाचा जाऊ दे की.”

“कुठलं कपाट?” धाकटा म्हणाला.

“तू गाडीतच बस, तुला कशाला घरातली कपाटं!”

“कुठली गाडी?” धाकटी नवऱ्याकडे वळली.

“दादा, तुला काही लाज?”

“मला विचारतोस? ताईला विचार, तिचा तर—”

“माझा काय?” लेक म्हणाली, आणि थोरला गप्प झाला. एवढी समज त्याला होती.

“चार जणांचं म्हणणं ऐकलं,” आक्का म्हणाल्या. “प्रत्येकाला दुसऱ्याचा फोटो फार आवडलाय. आता पाचवा.”

त्यांनी पाचवा कागद सरकवून टेबलाच्या मधोमध आणला. सगळे वाकले. आक्कांना कडेने पाच डोकी वाकलेली दिसली. ती तशीच राहिली.



आक्का थांबल्या. सकाळपासून ह्या थांबण्यानेच त्यांना चार फोटो दाखवले होते. ह्या वेळी मात्र मिशी नाही, बाही नाही, कुणाचं ‘नुसता टेकलोय’ नाही. थोरल्याने नुसताच घसा साफ केला.

“काय म्हणणं आहे ह्याबद्दल?” आक्कांनी विचारलं.

“छान आहे,” धाकटी म्हणाली. “फारच छान आलाय, आक्का.”

आता आक्का घाबरल्या. वीस वर्षांत ह्या घरातल्या एकाही गोष्टीला धाकटी अट घातल्याशिवाय छान म्हणाली नव्हती.

करण्यासारखं सोपं होतं. फोटो पालथा घालायचा, कोपऱ्यात फुली मारायची, नाहीतर ‘हा नाही’ म्हणून बाजूला ठेवायचा. दोन्हीत कुणी काही विचारलं नसतं. आक्कांनी पेन्सिलही उचलली. पण काय पास करतोय ते बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात फुली मारली नव्हती. तीन वर्षं तशी मारत होत्या म्हणा, पण तेव्हा समोर कुणी उभं नसे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“भिंगरे,” त्या म्हणाल्या, “वाच.”

“काय वाचू, आक्का?”

“फोटो. काय आहे त्यात ते वाचून दाखव. आजवर अक्षरं वाचून घेतली दुसऱ्याकडून, त्याची मला कधी लाज वाटली नाही. फोटो पहिल्यांदाच वाचून घेतेय. तेव्हा नीट वाच, गाळू नकोस.”

भिंगरी जवळ आली. तिने फोटो हातात घेतला.

“तू आहेस. ह्याच टेबलाशी. खिडकीतून ऊन आलंय. तुझ्यासमोर एका माणसाचा फोटो आहे, जुना, मोठा केलेला. तू त्याची भुवई भरतेयस.”

“मग?”

“भुवई तू... कागदाच्या पांढऱ्या कडेवर काढतेयस, आक्का. त्याच्या तोंडापासून चार बोटं लांब. फार सुरेख काढली आहेस.”

“गाळू नकोस म्हटलं.”

“मागे काचेपलीकडे थोरली काकू आहे. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तोच माणूस आहे. ती तीच भुवई काढतेय. जागेवर.”

खालची मोटारसायकल एकदाची सुरू झाली. मग धाकटा म्हणाला, “थांबा. म्हणजे आक्काला दिसतच नाही?”

“मधलं नाही दिसत,” आक्का म्हणाल्या. “कडेचं दिसतं.”

“मग माझा गाडीतला?”

“तूच सांगितलास.”

“आणि पिशवी? ब्रश?” थोरला ओरडला.

“तुझा तर मी टोपीसकट ऐकला.”

धाकटी मटकन बसली. “म्हणजे मी नुसती गप्प बसले असते तर...”

“ते तुला जमलं असतं का, हा प्रश्नच आहे,” आक्का म्हणाल्या. सगळ्यांत आधी लेक हसली. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग ते पाणी थांबेना. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“चल, ते नंतर कर,” आक्का लेकीला म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता तो त्यांनी वेळीच सावरला. “उशी काढायला मला डोळे नाहीत. राहू दे ती. ज्याने बघायची तो बघेल आणि त्याला वाटलं तर बोलेल. नाही बोलला तर इकडे खोल्या आहेत.” मग त्या सगळ्यांकडे वळल्या, तिरक्या. “माझा फोटो जातोय. चार बोटं लांबच्या भुवईसकट. आता तुमच्यापैकी कुणाला आपली मिशी माझ्या डोळ्यांहून मोठी वाटत असेल, त्याने पुढे येऊन सांगा.”

कुणी आलं नाही. धाकट्याने पहिली सही केली. मग धाकटीने केली, पण नवऱ्याला ‘घरी चल, मग विचारते’ असं म्हणत. धाकटा म्हणाला, “विचार. आज खरंच काहीतरी झालंय.” थोरल्याने सही करताना बोट मिशीवरून फिरवलं. लेकीने सही केली आणि तारीखही घातली. ह्या घरात तेवढी एकटीच कागद पूर्ण भरत असे. आक्कांनी पाचही फोटोंच्या मागे फुल्या मारल्या. भिंगरीने त्यांचा हात धरून कोपऱ्यावर नेला नाही. त्या कडेने बघून मारत होत्या, आणि एक जरा बाहेर गेली तरी तिने तसं सांगितलं नाही.

चारला गाडी आली. सगळेच फोटो पोचवायला खाली गेले, जसं काही पाच कागद उचलायला पाच माणसं लागतात. वर थोरली राहिली. ती कप गोळा करत होती.

“तीन वर्षं?” आक्कांनी विचारलं.

“सव्वातीन.”

“माझे कागद काय केलेस? टाकलेस?”

“कपाटात आहेत. सगळे.”

“मग गिऱ्हाइकं म्हणत होती, आक्कांच्या हाताला तोड नाही—”

थोरली कप एकात एक घालत राहिली. ते कौतुक आपलं नव्हतंच हे आक्कांच्या पुरतं मनात उतरायच्या आधीच त्यांना दुसरंच आठवलं आणि त्या खुर्चीत ताठ झाल्या.

“थांब. ती घड्याळवाल्याची मुलगी. लग्नाला स्थळं बघत होते, तिच्या फोटोतलं नाक फार पातळ झालं म्हणून तिची आई इथे येऊन मला वाट्टेल ते बोलून गेली होती. ते नाक तू केलंस?”

“हो,” थोरली म्हणाली. “तेव्हा मी नवीन होते.”

“आणि मी सहा महिने झोपले नव्हते! की माझ्या हातून असलं नाक झालंच कसं!” आक्कांनी सुस्कारा सोडला. कितीतरी दिवसांत इतका मोकळा सुस्कारा त्यांना जमला नव्हता. “तरी म्हटलं, मी नाक कधी बिघडवत नाही.”

“परत करून देऊ का त्यांना? नीट?”

“आता कशाला,” आक्का म्हणाल्या. “लग्न झालं तिचं. आता तिच्या नाकाकडे कोण बघतंय?”